कोण नगं, कसं सांगा

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एके दिवशी एक कागद चिकटवलेला दिसला. 'उद्या सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये पोस्टमॉर्टम आहे. सर्वांनी यावे. चहा मिळेल. – नेमगोंडा पाटील.'

मी जन्मभर बेळगावच्या कोर्टात वकिली केली. पोस्टमॉर्टमचे रिपोर्ट पोत्यानं वाचले. पण त्यात चहाचा उल्लेख कधी आढळला नव्हता. दुपारपर्यंत मला फोनवर फोन आले, "वकीलसाहेब, कोण गेलं?" तळमजल्यावरच्या देसाई वहिनींनी तर पांढरी साडी इस्त्री करून ठेवली.

गेलं होतं ते देसाई वहिनींच्याच घरचं. म्हणजे त्यांचे उडदाचे पापड. आदल्या दिवशी वरची टाकी भरून वाहिली आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचं पुन्हा पीठ झालं. आता अशा प्रसंगी काय करायचं याची आमच्या इमारतीला वहिवाट आहे. आधी वहिनी वॉचमन सिद्धाप्पाला मराठीतून झाडतात, तो कानडीतून उत्तर देतो, मग कुणीतरी मध्ये पडतं, त्यातून पार्किंगचा जुना वाद उकरला जातो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना बरं वाटतं. बेळगावच्या माणसाला दोष कुणाचा या विषयाचं वावडं नाही. आमच्या अख्ख्या गावाचंच प्रकरण इतकी वर्षं कोर्टात पडून आहे. मोठ्या आशेनं आम्ही दुसऱ्या दिवशी खाली जमलो.

पाहतो तर पार्किंगमध्ये एक पांढरा फळा उभा केलेला. शेजारी नेमगोंडा पाटील, म्हणजे नेमूअण्णा. उंच, हडकुळे, खाली घरातला लेंगा आणि वर कुठल्याशा परदेशी परिषदेत फुकट मिळालेलं बिनबाह्यांचं जाकीट. टिळकवाडीत राहायला येऊन त्यांना जेमतेम महिना झाला असेल.

"एक नियम हाय," ते म्हणाले. "हितं कोण ह्यो शब्द काढायचा न्हाय. कोण नगं, कसं सांगा." मग सिद्धाप्पाकडे वळून कानडीत, "यारु ब्याड, हेंग हेळु."

"कोण म्हणायचं न्हाय तर मी खाली आले कशाला?" देसाई वहिनी म्हणाल्या. मला त्यांचं पटलं.

पण अण्णा फळ्यावर बाण काढत सुटले. पाणी का वाहिलं? मोटर बंद झाली नाही. का? सिद्धाप्पा फाटक उघडायला गेला होता. मग टाकीतला तरंगता गोळा काय करत होता? मोडला होता. दुरुस्त का नाही झाला? दुरुस्तीची मीटिंग झाली नाही. का? त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता. शेवटचा बाण 'सामना' या शब्दावर जाऊन थांबला आणि सगळे पुरुष फळ्याकडे बघायचं सोडून आपापल्या चपलांकडे बघू लागले. सिद्धाप्पाला कुणी एक शब्द बोललं नाही. त्याच आठवड्यात नवा गोळा बसला. तेव्हापासून टाकी वाहिली नाही, हे मला आजही थोडं खटकतं.

नेमूअण्णा मूळचे निपाणीजवळच्या एका खेड्यातले. जैन शेतकरी घर, तंबाखूची शेती, उसाचा थोडा तुकडा, स्वतःचं गुऱ्हाळ. घरातले पहिले इंजिनिअर. बेंगळूरला नोकरीला लागले तेव्हा कंपनीचे कॉम्प्युटर कंपनीच्याच तळघरात असायचे, थंडगार खोलीत. अण्णांचं काम त्यांची निगा राखायचं. भर मे महिन्यात स्वेटर घालून घराबाहेर पडणारा जावई बघून त्यांच्या सासऱ्यांना पोर चुकीच्या घरी दिली असं वाटायचं.

मग ते क्लाऊड आलं. मला ते काय प्रकरण आहे हे माझ्या नातवानं समजावलं होतं, तरी कळलं नव्हतं. अण्णांनी गॅलरीत बसून सांगितलं ते कळलं.

"आमच्या आज्ज्याच्या वक्ताला ज्याचं त्याचं गुऱ्हाळ हुतं. आपला ऊस, आपली काहील, आपला गूळ. बिघडलं तर आपलं एकट्याचं बिघडायचं. मग संकेश्वरला कारखाना आला. लोकांनी गुऱ्हाळं मोडली आन् ऊस कारखान्याला घालाय लागले. क्लाऊड म्हंजे दुसरं काय हो? आपली मशीन ठेवायची न्हाईत, दुसऱ्याच्या मोठ्या कारखान्यात आपला ऊस घालायचा."

कंपन्यांना आपापली गुऱ्हाळं मोडायला लावणं हा अण्णांचा व्यवसाय झाला. आधी बेंगळूर, मग अमेरिका, मग पुन्हा बेंगळूर. मॅनेजरचे डायरेक्टर झाले, डायरेक्टरचे व्हाइस प्रेसिडेंट. पदवी लांबत गेली तसं कार्डावरचं नाव बारीक होत गेलं, असं ते स्वतःच सांगतात. मशीनला हात लावायचा तर पुढं पुढं प्रश्नच उरला नाही. ती कुठल्या देशात आहेत हेसुद्धा विचारावं लागायचं.

"पर कारखान्याचं एक हाय बगा," ते म्हणाले. "त्यो बंद पडला की सगळ्या तालुक्याचा ऊस उभा वाळतो. आमचंबी तसंच. हिकडं एकाच्या हातनं एक बटण चुकलं की तिकडं कुणाची बँक बंद, कुणाचं विमानाचं तिकीट बंद. आन् सगळे वरडाय लागत्यात, कोण? कोण? ज्याच्या हातनं झालंय ते पोरगं भ्यायलेलं असतंय. ते लपवतंय. त्यानं लपवलं की आमाला सापडायला आनिक उशीर."

म्हणून अण्णांनी आपल्या माणसांना नियम घालून दिला. काही बंद पडलं की आधी चालू करायचं, मग सगळ्यांनी फळ्यापुढं बसायचं आणि कोण हे न विचारता कसं झालं ते विचारायचं. या बैठकीला त्यांच्या धंद्यात पोस्टमॉर्टम म्हणतात. अण्णांची माणसं चुका लपवेनाशी झाली, बिघाड लवकर सापडू लागले आणि अण्णांचं नाव झालं. मोठमोठ्या सभागृहांत त्यांची भाषणं झाली. त्यांच्याकडची बिनबाह्यांची जाकिटं तिथलीच.

आणि एके सकाळी कंपनीनं काही माणसं कमी केली, त्यात अण्णाही होते. व्हिडिओ कॉलवर एक मुलगी कागद बघून वाचत होती. अण्णांनी तिला विचारलं, "बाई, हे कसं ठरलं?" ती म्हणाली, ते सांगता येत नाही.

"माझ्याच पोस्टमॉर्टमला मला बोलवलं न्हाय, वकीलसाहेब," असं म्हणून अण्णा मोठ्यानं हसतात. सुनंदा वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, तेव्हा हसत नाहीत.

गावाकडं त्यांच्या पुतण्याचं लग्न झालं. मला आग्रहानं नेलं होतं. मसालेभात करपला. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली, मुलाचे मामा आचाऱ्याचा गळा धरायला निघाले. अण्णांनी त्यांना बाजूला केलं, आचाऱ्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, भात कसा लागला ते पयल्यापासनं सांग. कोण नगं, कसं सांग." चूल, लाकूड, पातेलं, एकेक प्रश्न येत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यानं हात जोडले. "मालक, दोन शिव्या घाला, पर असं गोड बोलून इचारू नगासा. लई भ्या वाटतंय."

मी हा किस्सा परतीच्या वाटेवर गाडीत रंगवून सांगत होतो. अण्णा पुढं बसून हसत होते. माझ्या शेजारी बसलेल्या सुनंदा वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आचाऱ्याला खुर्ची दिली. पोराला कवा दिली न्हाय."

अण्णांनी रेडिओ लावला.

त्यांना एक मुलगा आहे हे मला माहीत होतं. अण्णांच्या घरात एक खोली कायम आवरलेली असते. तिथं पलंगाला टेकून एक जुनी शर्यतीची सायकल उभी आहे. बेंगळूरहून सामान आलं तेव्हा टेम्पोत सगळ्यात वर हीच होती. अण्णा दर रविवारी तिच्या चाकांत हवा भरतात. मी एकदा विचारलं, सायकल चालवता का, तर म्हणाले, "माझी न्हाय ती. अजितची." तो मुलगा या घरात एकदाही आलेला नव्हता.

गाडीतल्या त्या वाक्यानंतर अण्णा एका संध्याकाळी आपण होऊन बोलले.

अजित इंजिनिअर झाला, चांगल्या नोकरीला लागला आणि ती सोडून त्यानं मैसूरला मित्राबरोबर सायकलींचं दुकान काढलं. दुकान चाललं नाही. ज्या दिवशी कुलूप लावलं त्या दिवशी त्यानं बापाला फोन केला. बाप तेव्हा परदेशात होता, भाषण संपवून नुकताच व्यासपीठावरून उतरला होता. भाषण अर्थातच 'कोण नको, कसं' याच विषयावर. पोरानं सांगितलं, "आप्पा, दुकान बंद केलं." आणि बापानं विचारलं, "चूक कुणाची?"

अजितनं फोन ठेवला. तो त्यानं नंतर आईसाठी उचलला, बापासाठी नाही.

"एक दिवसाचं न्हवतं ते," अण्णा म्हणाले. "ऑफिसात दिवसभर राग गिळायचो. कुणाला कोण म्हणायचं न्हाय, नियम माझाच. घरी आलो की मग सुरू. काच कुणी फोडली? मार्क कुणामुळं कमी पडले? लाईट कुणी चालू ठेवली? घरात तिघंच माणसं, वकीलसाहेब. ही बोलायची न्हाय, मी सायेब. मग ऱ्हायलं कोण?"

वहिनींनी आतून ऐकलं असावं. "ऑफिसात साधू, घरात फौजदार," एवढंच त्या म्हणाल्या, आणि चहा आणून ठेवला. मला अण्णांची फार दया आली. आणि माझ्या लक्षात आलं की टाकी, मसालेभात, असल्या सगळ्या बिघाडांवर हा माणूस नुसता सवयीनं तुटून पडत नव्हता. तो गिरवत होता.

मग गेल्या पावसाळ्यानंतर अजितचा आईला फोन आला. तो आता एका सायकल कंपनीत काम करतो. शनिवारी कामासाठी कोल्हापूरला निघालोय, वाटेत बेळगावला उतरीन, चारपर्यंत येईन, रात्रीच्या बसनं पुढं जाईन.

अण्णा फळा घेऊन माझ्या घरी आले. "वकीलसाहेब, तुमी अजित व्हा."

"म्हणजे?"

"तालीम करायची. तुमी दारातनं या, मी बोलतो. चुकलो तर थांबवा."

मी माझ्याच दारातून बाहेर गेलो, बेल वाजवली आणि आत आलो. आयुष्यात नाटकात काम केलं नव्हतं.

"आलास? बस," अण्णा म्हणाले.

"बसतो आप्पा."

"प्रवास बरा झाला?"

"बरा झाला."

मग त्यांच्या तोंडून निसटलंच, "त्या दुकानाचं तू पयल्यांदाच..."

"ऑब्जेक्शन!" मी म्हणालो.

पुन्हा बाहेर, पुन्हा बेल. या वेळी ते म्हणाले, "लई वाळलास रं. वेळेवर जेवत न्हाईस काय?"

"ऑब्जेक्शन. आरोप आहे."

"जेवणाचं इचारलं त्यो आरोप?"

"वाक्यात 'न्हाईस' आलं की आरोपच. कोर्टात टिकणार नाही."

त्यांनी फळ्यावर विचारता येण्यासारखे प्रश्न लिहिले होते. एकेक घेऊन बघत गेलो आणि एकेक पुसत गेलो. नोकरी कशी आहे? त्यात जुनी नोकरी का सोडलीस हे दडलेलं. पुढं काय ठरवलंयस? त्यात अजून काही ठरवलं नाहीस हे दडलेलं. चांगल्या घरचा बाप साध्या प्रश्नात किती आरोप भरू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि मी स्वतः दोन मुलांचा बाप आहे. शेवटी फळा कोरा राहिला. अण्णा त्याच्याकडं बघत बसले.

त्यांना बोलवायला वर आलेल्या वहिनी दारातून म्हणाल्या, "फळा ठेवा तिकडं. पोराला नुसतं बघा एकदा. लई दिस झाले बघून."

शनिवारी अण्णांनी मलाही बोलावून घेतलं. "तुमी निस्तं बसा. मी चुकाय लागलो की खाकरा."

वहिनींनी शेंगपोळ्या केल्या होत्या, दोडक्याची भाजी, मुगाची उसळ. चार वाजले, अजित आला नाही. पाच वाजले. मेसेज आला, कित्तूरजवळ बस अडकली आहे. जैन रीतीप्रमाणं अण्णा आणि वहिनी सूर्य मावळल्यावर अन्नपाणी तोंडात घालत नाहीत. अमेरिकेत बर्फ पडत असताना, ऑफिसच्या मेजवान्यांतही अण्णांनी हा नेम मोडला नव्हता. त्यामुळं त्यांचं रात्रीचं जेवण उजेडातच होतं. वहिनींनी दोन ताटं घेतली.

"मी थांबतो. पोराबरोबर बसीन," अण्णा म्हणाले. "तू जेव."

"मग मीबी थांबते."

"नगं. दोन्ही मशीन एकदम बंद पडून चालत न्हाय. एक तरी चालू पाह्यजे." त्यांनी त्यांना जवळजवळ दटावून जेवायला बसवलं.

आम्ही दोघं गॅलरीत बसलो. ऊन समोरच्या गच्चीवरून सरकत वर चढलं, मग पाण्याच्या टाक्यांवर आलं. अण्णा दर थोड्या वेळानं रस्त्याकडं बघत आणि मग आकाशाकडं बघत. वहिनी मधूनच आतून म्हणाल्या, "दोन घास तरी खावा." ते नुसते हात हलवून नको म्हणाले. सूर्य गेला. सिद्धाप्पानं खालचे दिवे लावले. अण्णा उठले, त्यांनी तांब्याभर पाणी कुंडीत ओतलं आणि परत येऊन बसले.

अंधार पडल्यावर बेल वाजली.

दारात अजित. अण्णांचंच उंच हडकुळं अंग, पाठीवर सॅक, कपाळावर घाम. वहिनींनी त्याला पोटाशी धरलं. तो आईच्या खांद्यावरून बापाकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो आचारी मला स्पष्ट दिसला.

"आप्पा, लई उशीर झाला," तो घाईघाईनं म्हणाला. "ट्रक उलटलेला कित्तूरला. मी खरं तर आधीची बस धरणार हुतो, ती..."

मी घसा तयार ठेवला होता.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "ये. सायकलीत हवा हाय तुझ्या. आधी हातपाय धू."

कोण नाही, कसं नाही. मला खाकरावं लागलं नाही. अजित खोलीच्या दाराशी क्षणभर थांबला, सायकल बघितली, एका चाकावर अंगठा दाबून पाहिला. मग हातपाय धुऊन आला आणि पाटावर बसला. वहिनींनी वाढलं. अण्णांनी स्वतः उठून त्याच्या पोळीवर तूप घातलं आणि समोर बसून त्याला नुसतं बघत राहिले.

पहिला घास मोडताना अजित थांबला. "तुमचं जेवण?"

"आमचं झालं की. कवाच झालं," अण्णा म्हणाले.

खोटी साक्ष कानावर पडली की माझ्या घशात आपोआप खवखवतं, चाळीस वर्षांची सवय आहे. मी घाईनं पाण्याचा घोट घेतला. वहिनी ताटात मान घालून मीठ वाढत बसल्या.

अजितनं बापाकडं बघितलं. मग मोरीकडं बघितलं. तिथं एकच ताट धुवायला पडलं होतं आणि दुसरं ओट्यावर तसंच कोरडं, वाट्यांसकट मांडून ठेवलेलं होतं. खिडकीबाहेर पूर्ण काळोख होता. तो शेंगपोळी सावकाश खात राहिला. मला वाटलं आता हा विचारणार, का थांबलासा म्हणून.

त्यानं खिशातून फोन काढला, बसचं तिकीट उघडलं आणि रद्द केलं.

"आप्पा," तो म्हणाला, "उद्या दिवस किती वाजता उगवतोय?"

अण्णांनी उठून भिंतीवरचं पंचांग बघितलं. असल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना एरवी झोपेतही पाठ असतं.

"सव्वासहाला," ते म्हणाले.

"मला उठवा. नाष्टा बरोबरच करू."